विजापूरला खासगी गाइड घ्यावा की नाही? (सोलापूरकरांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव, सोलापुरातल्या जागेवरून घेतलेलं.)

विजापूर वेस
सुट्ट्या लागल्या की सोलापुरातून विजापूरच्या एकदिवसीय सहली सुरू होतात. शंभरेक किलोमीटर अंतर, चौपदरी रस्ता. टाकळीला भीमा ओलांडली की धूळखेड, झळकी, होर्ती आणि दोन तासांत गोल घुमट दिसायला लागतो. गाव इतकं जवळ असल्यामुळे गाइडला पैसे देणं म्हणजे उधळपट्टी, असं बहुतेक घरांत धरून चालतात. माझ्या मते पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा. परवानाधारक खासगी गाइड दिवसभरासाठी घ्या आणि त्याला आपल्याच गाडीत बसवा.

विजापूर म्हणजे एक किल्ला किंवा एक मंदिर नाही. सुमारे दहा किलोमीटर घेराच्या तटात आणि तटाबाहेर पसरलेली ती राजधानी आहे. गोल घुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, पूर्वेच्या टोकाला; इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, पश्चिम तटाच्या बाहेर. मेहतर महाल, जोड गुंबज, ताज बावडी, असर महाल हे सगळं मधल्या वस्तीत आणि गल्ल्यांत. बिनगाइडची मंडळी घुमट आणि मलिक-ए-मैदान तोफ बघतात, बाराकमानसमोर फोटो काढतात आणि तीन वाजता परतीला लागतात.

शिवाय बघायचं काय, हेही कोणीतरी बोट दाखवल्याशिवाय कळत नाही. घुमटाखाली उभे राहून सगळे मान वर करतात, पण चौकोनी दालनावर गोल घुमट बसला कसा, हे किती जणांच्या लक्षात येतं? आठ कमानी एकमेकींना छेदतात. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तशी त्यातून आठ टोकांची चांदणी होते आणि कमानींच्या मधल्या, आत झुकलेल्या तिरप्या पाखांवर गोल सज्जा येतो. दालन आतून ४१ मीटरचं, घुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास. घुमट बाहेर रेटतो, पाखांचं वजन आत ओढतं आणि तोल राहतो. मधल्या चौथऱ्याजवळ उभं राहून जाणकार माणसाने पाच मिनिटं दिली तर दहावीतल्या पोरालाही हे समजतं.

भुईकोट
पाच मिनिटांसाठी आख्ख्या दिवसाचा गाइड कशाला? कमानींची आकृती मोबाइलमध्ये घेऊन जा, तेवढंच समजेल.

माझा मुख्य आक्षेप पैशाचा नाही. तिथे खपवला जाणारा इतिहास हा आक्षेप आहे. "जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट" हे वाक्य दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. रोमच्या पँथिऑनचा व्यास ४३ मीटरच्या वर आहे, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा आणि सेंट पीटर्सचाही गोल घुमटापेक्षा जास्त. हे तिन्ही १६५६ च्या, म्हणजे गोल घुमट पुरा झाला त्याच्या, आधीचे. म्हणजे बांधला तेव्हाही तो दुसरा नव्हता. त्याचं खरं मोठेपण वेगळंच आहे: एका घुमटाखाली, मधे एकही खांब न घेता सुमारे १,७०० चौरस मीटर जागा झाकली आहे, आणि त्या मापात तो पँथिऑनलाही मागे टाकतो. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, खरी आहे आणि जास्त थोर आहे. तरी सांगत नाहीत.

मग रंभेची, मुहम्मद आदिलशहाच्या लाडक्या नर्तकीची, गोष्ट. मुहम्मद आदिलशहाने प्रेमाची परीक्षा घेतली, तिने सज्जावरून उडी टाकली. तिची कबर आत आहे हे ठीक, पण उडीची कथा दंतकथा म्हणून सांगायला हवी. मोहिमेवर निघण्याआधी अफझलखानाने आपल्या बायकांना मारून पुरलं म्हणतात, त्या साठ कबरींचंही तेच. कथा सांगा, पण दंतकथेला पुराव्याचा मान देऊ नका. शाळेची सहल असेल तर मुलं हे वहीत उतरवून घेतात, त्याचं काय?

सात रस्ता
दोघंही "गाइड" हा एकच शब्द तीन वेगळ्या माणसांसाठी वापरताय.

एक, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला. दोन, कर्नाटक पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला. तीन, घुमटाच्या फाटकापाशी "साब, गाइड?" म्हणत येणारा, आणि टांगेवाले किंवा रिक्षावाले. भुईकोट म्हणतात त्या कथा बहुतेक तिसऱ्या गटातून येतात. टांगेवाल्याचा राग करू नका, त्याला रस्ते पाठ असतात. पण टांग्याचे पैसे वेगळे आणि माहितीचे वेगळे. दोन्ही एकात ठरवले की तो लांबच्या जागा गाळतो, कारण त्याला घोड्याच्या फेऱ्या मोजायच्या असतात.

ओळखपत्र गळ्यात दिसलं म्हणून गप्प बसू नका. फोटो, मुदत आणि क्षेत्र वाचा. केंद्राच्या गाइडांचे दर अर्धा दिवस म्हणजे ४ तास आणि पूर्ण दिवस म्हणजे ८ तास असे असतात, आणि माणसांचे टप्पे १ ते ५, ६ ते १४, १५ ते ४०. सहा जणांचं कुटुंब वरच्या टप्प्यात जातं, हे निघतानाच कळलं तर भांडण होत नाही. किती तास, किती माणसं, कोणत्या जागा, जेवणाचा वेळ धरायचा की नाही, भाषा कोणती, हे सगळं आदल्या दिवशी मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलं की परत निघताना आकडा वाढतो.

कन्ना चौक
व्हिस्परिंग गॅलरीबद्दल, म्हणजे घुमटातल्या त्या गोल सज्जात कुजबुज पलीकडे ऐकू येते त्याबद्दल, कोणी बोललं नाही. तिथे गाइडपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. घुमट सकाळी ६ ला उघडतो. सातच्या आत वर पोचलात तर सज्जाच्या एका टोकाला कागद चुरगाळला तरी समोरच्या माणसाला ऐकू येतो, आणि टाळीचे प्रतिध्वनी मोजता येतात, सात ते दहा. दहा वाजले की शाळांच्या सहली येतात, सगळे एकदम ओरडतात आणि कितीही चांगला गाइड असला तरी त्याचं प्रात्यक्षिक फुकट जातं. त्यासाठी सोलापुरातून साडेचारला निघायला लागतं. बस त्या वेळेला जुळवणं अवघड, आपली गाडी हवी.

जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून आहे. सात मजले, अरुंद, उंच पायऱ्यांचा. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसवा, त्यांच्यासाठी चौथऱ्याजवळची जागा उत्तम आहे.

विजापूर वेस
कन्ना चौक, पूर्ण सहमत, आणि सहा वाजता यायला तयार असलेला गाइडच घ्यावा. जो "दहाला या" म्हणतो त्याला तिथेच नाही म्हणा.

भुईकोट, खोट्या कथांवर इलाज गाइड टाळणं नाही, पारखून घेणं आहे. फोनवर तीन प्रश्न विचारा. पहिला तुमचाच: घुमट दुसरा कसा? दुसरा: शहराला पाणी कुठून यायचं? तोरवीकडून आणि बेगम तलावातून जमिनीखालून आणलेलं पाणी आणि वाटेतले पाण्याचा दाब सांभाळणारे मनोरे, म्हणजे गंज, हे ज्याला माहीत आहे आणि जो एखादा गंज दाखवायला तयार आहे, तो माणूस शहर ओळखतो. तिसरा: मलिक-ए-मैदान तोफ विजापुरात कशी आली?

हा तिसरा आपल्यासाठी फार महत्त्वाचा. तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हुसेन रूमीने. वजन सुमारे ५५ टन. ती निजामशाहीची. नंतर ती आपल्या बार्शीशेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचं परंपरा सांगते तो हाच मुरार जगदेव. आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्लासुद्धा याच ओढाताणीत होता, चांदबिबी अलि आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण गेलं. सोलापूर, परांडा, विजापूर हा एकच धागा आहे, आणि तो मराठीत सांगणारा माणूस मिळाला तर दिवसाचे पैसे तिथेच वसूल. फलकावर तोफेचं वजन मिळेल, परांडा मिळेलच असं नाही.

भुईकोट
परांड्याचं तुम्ही आत्ता इथे चार ओळींत सांगितलंत आणि ते फुकट समजलं. माझं म्हणणं हेच आहे. घरी दोन संध्याकाळी वाचून गेलेल्या माणसाला दिवसभर शेजारी बोलणारा माणूस नको असतो. इब्राहिम रोज्यात तर मुळीच नको. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं आहेत, उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. दालनाचं छत सपाट, दगड एकमेकांत अडकवून तोललेले, खालून आधार दिसत नाही. हे गप्प बसून अर्धा तास बघायचं. गाइडला पुढची गिऱ्हाइकं असतात, तो पंधरा मिनिटांत "चला" म्हणतो.

गाइडशिवाय जाणाऱ्यांसाठी क्रम देतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, मागे फिरायला लागत नाही. ६ ते साडेआठ गोल घुमट. नाश्ता. मग जुम्मा मशीद, जमिनीवर औरंगजेबाच्या काळात आखलेल्या २,२५० नमाजाच्या चौकटी आहेत, चपला बाहेर. मेहतर महाल, असर महाल, गगन महाल, बाराकमान एका पट्ट्यात येतात, दुपारच्या आत होतात. जेवण. नंतर उपली बुरूज, बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याने वर गेलं की सगळं शहर एका नजरेत येतं. त्याच बाजूला शेर्झा बुरुजावरची तोफ, मग ताज बावडी, आणि चारनंतर इब्राहिम रोजा, कारण तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. घुमट आणि रोजा या दोन ठिकाणी तिकीट, माणशी २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०, पंधरा वर्षांखालच्यांना नाही.

जुळे सोलापूर
क्रम छान, पण शुक्रवारी मोडतो. घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद, आणि जुम्मा मशिदीत दुपारच्या नमाजाला गर्दी. शुक्रवार टाळाच. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर दगडी फरशीवर अनवाणी पाय भाजतात, जाड मोजे पिशवीत ठेवा.

सोबत आजी-आजोबा आणि लहान पोरं असतील तर मी विजापूर वेस यांच्या बाजूने. वाचून जाणारा माणूस घरात एकच असतो. बाकीच्यांना तोच समजावत बसतो, गाडी तोच लावतो, पाण्याच्या बाटल्या तोच शोधतो, आणि शेवटी त्याचंच काही बघून होत नाही.

सात रस्ता
त्यावर मधला रस्ता आहे. अर्ध्या दिवसाचा गाइड, ४ तास, सकाळी ६ ते १०. घुमट, जुम्मा मशीद आणि मेहतर महाल एवढंच ठरवा. या तीन ठिकाणी रचना समजावणारा लागतो. पुढचं भुईकोट यांच्या क्रमाने आपलं आपण. आणि आधीच स्पष्ट सांगा की साडीच्या किंवा कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. दुकानात कमिशन असतं, म्हणून काही जण दर कमी सांगतात आणि तास तिकडे घालवतात. साडी घ्यायची तर सोलापूरकराने विजापुरात का घ्यावी?

विजापूर वेस
चार तास कमी पडतात. गंज आणि ताज बावडी त्यात बसत नाहीत, आणि या दोन्ही जागा एकट्याने गेलं तर नुसत्या पडीक दिसतात. मी सहा तासांवर येतो. दर चार आणि आठ तासांचेच असले तरी मधले तास बोलून ठरवायचे, तेही लिहून.

भुईकोट
सहा तास घ्या, पण रोज्याच्या फाटकाशी त्यांचा निरोप घ्या. आत गाइड नको, यावर मी ठाम आहे.