प्रोग्रॅमने जुळवलेली ओळ माझी म्हणता येईल का?

काजवा
जुन्या वह्यांतल्या साधारण दोनशे कविता टाइप करून एका छोट्या प्रोग्रॅमला दिल्या. कुठल्या शब्दामागून कुठले शब्द आलेत एवढंच तो बघतो, त्यातला एक चिठ्ठी काढल्यासारखा उचलतो आणि पुढे सरकतो. शेकडो ओळी निव्वळ भरताड. मग ही आली:

दारात पाऊस उभा राहून माझं नाव विसरला

वह्या चाळल्या. एका कवितेत ‘दारात पाऊस उभा, छत्री मिटून’ आहे. दुसरी अण्णांचा स्मृतिभ्रंश वाढला तेव्हाची: ‘बाप उंबऱ्यात उभा राहून माझं नाव विसरला’. ‘उभा’वर गाडीने सांधा बदलावा तशी ओळ वळली. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. नव्या कवितेत घ्यायची आहे. खाली नाव कुणाचं?

शून्यलेख
ही मार्कोव्ह साखळी, म्हणजे पुढचा शब्द फक्त आधीच्या शब्दावरून ठरवायची पद्धत. स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं हे पाहायला रशियन गणितज्ञ मार्कोव्हने पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यातली २०,००० अक्षरं मोजली आणि १९१३ साली निष्कर्ष मांडले. तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण १९५२चं आहे. क्रिस्टोफर स्ट्रेची या ब्रिटिश प्रोग्रॅमरने मँचेस्टर विद्यापीठाच्या फेरांती मार्क १ या कॉम्प्युटरकडून प्रेमपत्रं लिहून घेतली. खाली सही ‘एम. यू. सी.’, म्हणजे त्या विद्यापीठाचा कॉम्प्युटर. पण शब्दांच्या याद्या आणि वाक्यांचे साचे स्ट्रेचीचे. यंत्र मोकळ्या जागा भरायचं. मी लेखक स्ट्रेचीलाच म्हणेन. तुमच्याकडे तर शब्दन् शब्द तुमचा. बिनधास्त नाव घाला.

ओलीशाई
मला हे पटत नाही. स्ट्रेचीने साचे मुद्दाम रचले होते, ही ओळ कुणीच रचलेली नाही. काजवा, तुम्ही ती निवडलीत, आणि माझ्या मते लेखन तिथे झालं. शेकडो ओळी सोडून याच ओळीपाशी का थांबलात?

काजवा
अण्णा खरंच तसे उभे होते. हातात भाजीची पिशवी, स्वतःच्याच दारात, मला विचारत होते, “कोण पाहिजे?” मूळ ओळीत माझा त्यांच्यावर राग आहे, आज वाचताना लाज वाटते. पाऊस विसरला म्हटल्यावर राग धरायला कुणी उरतच नाही. प्रोग्रॅमला अण्णा ठाऊक नाहीत, मला आहेत. म्हणून नाव माझं घालतो. पण ‘उभा’वर ओळ कशी वळली तेही कवितेखाली लिहीन. ते दडवून ही ओळ मिरवणं मला जमणार नाही.