‘फरारी गुलाम’ म्हणावे का?

प्रश्न : अमेरिकेतील ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावात राहिलेल्या जॉन पार्कर यांच्याविषयी मी लिहीत आहे. नदीपलीकडच्या, गुलामी असलेल्या केंटकी राज्यातून निसटलेल्या ज्या माणसांना ते रात्री होडीतून अलीकडे आणत, त्यांना ‘फरारी गुलाम’ म्हणावे की ‘पळपुटे’?

उत्तर : ‘पळपुटा’ आधी बाजूला ठेवावा. हा शब्द दुसऱ्या बाजीरावाच्या नावाला असा चिकटला आहे की त्यातला भित्रेपणाचा ठपका आता पुसता येत नाही, आणि पाठलाग चुकवीत नदी गाठणाऱ्यांवर तो ठेवणे अन्यायाचे होईल.

‘फरारी’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठीत फरारी असतो तो आरोपी. पळणाऱ्याने गुन्हा केला आहे, हे त्यात गृहीतच असते. १८५०च्या अमेरिकी कायद्याची दृष्टी नेमकी हीच होती. ओहायोत गुलामी नसली तरी केंटकीतून आलेल्याला धरून मालकाच्या हवाली करायचे, आणि त्याला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. म्हणून कायद्याचा उल्लेख ‘फरारी गुलाम कायदा’ असाच करावा. तेथे शब्द सौम्य केला तर कायद्याचे क्रौर्यच झाकले जाईल. निवेदन मात्र आपले असेल, तर ‘सुटून आलेली माणसे’ लिहावे. या कायद्यानंतर पार्कर यांनी, आपण मदत केलेल्यांच्या नोंदी पुरावा ठरू नयेत म्हणून भट्टीत जाळल्या. त्यामुळे यांतील बहुतेकांची नावे आपल्यापुढे नाहीत आणि त्यांची ओळख या सामान्यनामावरच राहते.

स्वतः पार्कर यांच्याबाबत ‘सुटका झालेले’ हा प्रयोगही टाळावा, कारण तो वाचून कोणी उदार मालकाने त्यांना सोडले असे वाटते. आठव्या वर्षी विकल्या गेलेल्या या माणसाने ओतकामातल्या कमाईतून १८४५ मध्ये १,८०० डॉलर भरून स्वतःला विकत घेतले. वाक्य थोडे लांबले तरी हे तसेच लिहावे.

जाता जाता : गुलामीतून सुटणाऱ्यांना मदत करणाऱ्यांचे जे गुप्त जाळे होते, त्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’ला ‘भूमिगत रेल्वे’ म्हटले, तर बेचाळीसचे भूमिगत कार्यकर्ते आठवणारा वाचक अर्थ बरोबर लावील, इतरांना मेट्रो दिसेल. पहिल्या उल्लेखात मूळ नाव ठेवून पुढे ‘गुप्त वाट’ वापरावे.