सिग्नेचर बेस: सहीचे पैसे का मोजायचे?

खर्जातला
बँडसाठी नवा बेस (बेस गिटार) घ्यायचाय. दुकानदाराने जवळपास सारखेच दोन पुढे ठेवले. एकावर बड्या वादकाची सही, आणि किंमत चांगलीच चढी. दोन्ही वाजवले, हात हलवत परत आलो. मला ही सही दिवाळी अंकावरच्या 'अतिथी संपादका'सारखी वाटते: अंक काढतो भलताच कुणीतरी.

बेसवादक जॅको पास्टोरियसचंच बघा. फेंडर कंपनीचा १९६२ चा 'जॅझ बेस', फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) काढलेले, मानेच्या फळीवर बोटींना लावतात तसला इपॉक्सीचा लेप. १९८६ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, १९८७ मध्ये जॅकोही गेला. त्याच्या नावाचं फेंडर मॉडेल आलं १९९९ मध्ये! ज्याने ते कधी हातात धरलं नाही, त्याची कसली शिफारस?

तळमजला
सोयीचं उदाहरण काढलंत. गेलेल्या माणसाचं स्मारक वेगळं आणि जिवंत वादकाने भांडून करून घेतलेलं वाद्य वेगळं. बिली शीहानने आपल्या जुन्या प्रिसिजनमध्ये (हाही फेंडरचाच बेस) मानेजवळ गिब्सनचा जाडजूड पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक) बसवला आणि दोन आउटपुट काढले. एकातून खर्ज स्वच्छ, दुसऱ्यातून डिस्टॉर्शन म्हणजे फाटका आवाज, दोन वेगळ्या अँपना (ध्वनिवर्धकांना). यामाहाने 'अॅटिट्यूड' काढला तो हीच करामत धरून. ही नुसती सही नाही, हा नकाशा आहे.

खर्जातला
शीहान मान्य. असे किती? बेसवादक मार्कस मिलरचा आवाज म्हणजे १९७७ चा फेंडर जॅझ बेस, आत वाद्य-कारागीर रॉजर सॅडाउस्कीने प्रीअँप (आवाज घडवणारं सर्किट) बसवलेला. १९९८ मध्ये फेंडरने त्याच्या नावाचा बेस काढला. २०१५ मध्ये तोच माणूस कोरियाच्या 'सायर' कंपनीबरोबर. मग सूर नेमका कुठल्या लाकडात होता हो?

तळमजला
अंगठ्यात होता, कबूल. पण त्याच्या नावामुळेच तर माझ्यासारख्या पगारदाराला आत प्रीअँप असलेला बेस परवडला. नाव नसतं तर त्या नव्या कंपनीकडे कोणी ढुंकून तरी पाहिलं असतं का?

चौथी_तार
मी सहीचा घेऊन बसलेय, म्हणून बोलते. घरी आणला तेव्हा तारा फळीपासून इतक्या वर की दोन गाण्यांत बोटं बधिर. सेटअपचे (तारांची उंची वगैरे जुळवून घेण्याचे) पैसे वेगळे गेले. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच. सही बघून हुरळले आणि मानेवरून हात फिरवलाच नाही. तळमजला, स्वस्त सायरचं तुमचं म्हणणं पटतं, महागड्या मॉडेलांचं नाही.

आणि जेम्स जेमर्सन? साधा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या) तारा, त्या बदलायचा कंटाळा, उजव्या हाताची एकच तर्जनी. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची निम्मी गाणी त्या तर्जनीवर उभी आहेत. (निम्मी म्हणजे माझ्या कानाने, मोजलेली नाहीत!)

तळमजला
ताई, सेटअप बिनसहीच्या बेसलाही लागतो. तो राग सहीवर काढू नका.

चौथी_तार
लागतो ना. पण तो लागेल हे बिनसहीच्या वेळी डोक्यात असतं.

डावखुरा
तुमची चैन आहे बाबांनो. आम्हा डावऱ्यांना दुकानात एक बेस दिसला तरी सण. बीटल्सच्या डावखुऱ्या मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबर्गला होफ्नर बेस घेतला तो स्वस्त होता म्हणून, आणि दोन्ही बाजू सारख्या, उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही म्हणून. खर्जातला, ते सहीवालं मॉडेल डाव्या हाताचं मिळतं का, तेवढं विचारून याल?