मदत हवी आहे: स्वयमच्या कोर्सचे क्रेडिट कॉलेज धरत नाही

बीएस्सी तिसरं वर्ष. स्वयमवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटीईएलचा (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षण उपक्रम) 12 आठवड्यांचा पायथन प्रोग्रामिंगचा कोर्स केला. शिकणं फुकट, परीक्षेचे 1000 रुपये भरून केंद्रावर जाऊन पेपर दिला. असाइनमेंटला 25 पैकी 21, परीक्षेत 75 पैकी 48. प्रमाणपत्र हातात आहे. (याआधीचे दोन कोर्स अर्ध्यात सोडलेत, म्हणून याचं जास्त अप्रूप!)

कॉलेज म्हणतं, नोंदणीआधी मंजुरी घेतली नव्हती, क्रेडिट मिळणार नाही. सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून चालतात, हा यूजीसीचा 2021 चा नियम विभागप्रमुख सरांना दाखवला; 'विद्यापीठाकडून लेखी आणा' एवढंच उत्तर. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्याचा क्रमांक) काढलेला आहे. शेवटचं सत्र असल्याने पुन्हा कोर्स करायला वेळ नाही.

अशी मंजुरी नंतर कुणाला मिळाली आहे का? अर्ज प्राचार्यांमार्फतच द्यायचा की थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागात?