मदत हवी आहे: खिशात मावणारं ३५७ मॅग्नम – एसपी१०१, एलसीआर की ३४०पीडी?

बेकरकट्टा
नमस्कार मंडळी. मुक्काम ह्यूस्टन, ग्रीन कार्ड आहे, रेंजवर ९ एमएमच्या पिस्तुलाने नियमित सराव असतो. आता रोज जवळ बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. इथल्या उन्हाळ्यात अंगावर टी-शर्ट आणि हाफ पँट, त्यामुळे पुढचा खिसा किंवा कमरेच्या आत एवढेच पर्याय. तीन नावं काढली आहेत: रुगर एसपी१०१ (सव्वादोन इंची), रुगर एलसीआर ३५७ आणि स्मिथ अँड वेसन ३४०पीडी. प्रश्न असे:
१. वजन किती असावं?
२. एवढ्याशा नळीतून मॅग्नम काडतुसाचा खरंच फायदा होतो का?
३. पिस्तुलाची सवय असलेल्याने पकड आणि चाप यांत काय बदलावं?

दारूगोळा
तिन्ही पाच गोळ्यांची आणि तिन्हींत ३८ स्पेशलही (मॅग्नमपेक्षा आखूड, कमी ताकदीचं काडतूस) चालतं, म्हणून निवड वजनावरच येते. एसपी१०१ सुमारे ७४० ग्रॅम, अख्खं स्टीलचं. एलसीआर ३५७ सुमारे ४८५. ३४०पीडी सुमारे ३३५, कारण फ्रेम स्कँडियम मिश्रधातूची आणि सिलिंडर टायटॅनियमचा. तेच काडतूस असेल तर धक्क्याची ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे एसपी१०१ मध्ये जो धक्का बसतो त्याच्या सव्वादोन पट ३४०पीडीमध्ये. पूर्ण ताकदीचं मॅग्नम ३४०पीडीतून झाडलं की दुसऱ्या गोळीला मूठ हातात फिरलेली असते आणि पुढची साईट शोधावी लागते. कॅटलॉगमध्ये हलकं शस्त्र सगळ्यांना आवडतं. रेंजवर पहिली पाच काडतुसं संपली की उत्साह ओसरतो.

दुसरा प्रश्न. १२५ ग्रेनची (सुमारे ८ ग्रॅम) मॅग्नम गोळी ४ इंची नळीतून सेकंदाला साधारण १४०० ते १४५० फुटांनी जाते. २ इंची नळीत त्यातले दोनशेहून जास्त फूट सहज जातात. मॅग्नमची दारू सावकाश जळणारी असते. आखूड नळीत तिचा बराच भाग तोंडाबाहेर जळतो. तो भडका रात्री डोळे दिपवतो आणि बंद खोलीत आवाज कान फोडतो. इनडोअर रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला.

म्हणून माझं मत: ३५७ चा शिक्का असलेलं मधल्या वजनाचं शस्त्र घ्या आणि बाळगताना त्यात ३८ स्पेशल प्लस पी (जरा जास्त दाबाचं ३८) भरा. आखूड नळीसाठी बनवलेलं स्पीअर गोल्ड डॉट १३५ ग्रेन त्यासाठी चांगलं. एफबीआयच्या जेल चाचणीत (शरीराऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडतात) गोळीने १२ ते १८ इंच आत जाणं अपेक्षित असतं. २ इंची नळीतून बऱ्याच पोकळ टोकाच्या गोळ्या नीट फुलत नाहीत, म्हणून ‘शॉर्ट बॅरल’ असं डब्यावर लिहिलेलंच घ्या. धक्का फारच जाणवत असेल तर १४८ ग्रेनचं वॉडकटर घ्या. ते सौम्य आणि अचूक आहे, आत पुरेसं जातं; फक्त तोंड सपाट असल्याने घाईत सिलिंडरच्या भोकात चटकन शिरत नाही.

सोलापूरची_शेंगदाणा_चटणी
मग ३५७ साठी जास्त पैसे का मोजायचे? ३८ च भरायचं तर स्मिथ ६४२ घ्या. सुमारे ४१० ग्रॅम, घोडा आत झाकलेला, प्लस पी चालतं.

दारूगोळा
@चटणी, मुद्दा रास्त आहे, आणि खिशातच ठेवणार असतील तर ६४२ ला माझा विरोध नाही. पण एलसीआरच्या ३८ आणि ३५७ या दोन मॉडेलांत फ्रेमच वेगळी आहे. ३८ ची ॲल्युमिनियमची, ३५७ ची स्टीलची. ते जवळपास १०० ग्रॅम जास्तीचं वजन ३८ झाडताना हाताला कळतं. मी त्या वजनासाठी पैसे मोजायला सांगतोय, मॅग्नमसाठी नाही.

३८ चं कवच मॅग्नमपेक्षा सुमारे ०.१३५ इंच आखूड असतं. त्यामुळे खूप ३८ झाडल्यावर भोकात कवच संपतं तिथे काजळीचं कडं साचतं. नंतर मॅग्नम घालायला गेलं की ते पूर्ण बसत नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. प्रत्येक सरावानंतर ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून पाचही भोकांतून फिरवा. ३४०पीडी घेतलंत तर टायटॅनियमच्या सिलिंडरला खरवडणारी पेस्ट वगैरे लावू नका, वरचा संरक्षक थर जातो. त्याच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असंही कोरलेलं आहे, ते दुकानात वाचून घ्या.

मधुरा_ऑस्टिन
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पिस्तुलावर दोन्ही अंगठे पुढे पसरायची सवय असेल तर ती आधी मोडा. सिलिंडर आणि नळी यांच्यात इंचाच्या काही हजाराव्या भागाएवढी फट असते. झाडताना तिथून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. अंगठा तिथे आला तर भाजतो, चिरतोसुद्धा. मूठ शक्य तितकी वर धरा, उजवा अंगठा खाली वाकवा, डावा त्याच्यावर दाबून कुलूप घाला. आधाराच्या हाताचं एकही बोट सिलिंडरच्या पुढे जाता कामा नये.

चाप डबल ॲक्शनचा, १० ते १२ पौंडांचा. बोटाचं पहिलं सांध्याजवळचं पेर वापरा, टोकाने एवढी ओढ जमत नाही. अर्ध्यावर थांबून नेम साधायचा आणि मग झटका द्यायचा हा प्रकार टाळा, त्याने नळी खाली जाते. एकाच वेगाने मागे आणा आणि तेवढाच पूर्ण पुढे सोडा. अर्धवट सोडला तर सिलिंडर फिरतो, पण घोडा पडत नाही किंवा चापच अडतो. एलसीआरमध्ये परतीच्या वाटेवर मध्येच एक ‘टिक’ जाणवते. ती खरी रीसेट (चाप पुन्हा ओढायला तयार होण्याची जागा) नाही, तिच्या पुढे सोडावं लागतं.

घरी सराव: शस्त्र रिकामं, भोकं डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत, डमी काडतुसं घालून. पुढच्या साईटमागे नळीवर एक नाणं ठेवा. नाणं न पडता चाप पूर्ण ओढता आला की रेंजवर जा. सुरुवात ३ यार्डांवर, मग ७. स्नबनोजला (आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला) १५ यार्डांवर कोणी घाई करत नाही.

आणि चाप हलका करायला बाजारातल्या स्प्रिंगा बदलू नका. घोड्याची स्प्रिंग मऊ झाली की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी) ठोका कमी पडतो आणि नुसती ‘खट्’ ऐकू येते.

कायद्याचं_बोला
थोडक्यात. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील, कायद्याने शस्त्र बाळगू शकणाऱ्या माणसाला परवान्याविना हँडगन जवळ ठेवता येते. तरी एलटीसी (टेक्सासचा हँडगन परवाना) काढाच. टेक्सासचा परवाना मानणाऱ्या इतर राज्यांत तो उपयोगी पडतो. शस्त्रबंदीच्या पाट्यांतही फरक आहे: ३०.०५ ची पाटी विनापरवाना लोकांना अडवते, ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला लपवून नेण्यापासून. पोस्ट ऑफिसात परवाना असूनही नाही. एलटीसीच्या चाचणीत ५० गोळ्या असतात: ३ यार्डांवर २०, ७ वर २०, १५ वर १०, २५० पैकी १७५ गुण लागतात. १५ यार्डांवरच्या त्या दहा गोळ्या आखूड नळीने द्यायच्या तर मधुराताईंनी सांगितलेला सराव आधी करा.

हा धागा एच-१बी वाले वाचत असतील तर: तुम्हाला केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेणं, नुसती जवळ ठेवणंसुद्धा सहसा मना आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची बंदूकही घरी आणू नका. पुण्याच्या विमानात बसण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. विसरलेलं एक काडतूस भारतीय विमानतळावर पोलिसांपर्यंत नेतं.

बेकरकट्टा
सगळ्यांचे आभार. एलसीआर ३५७ आणि ३८ प्लस पी हे पटलं. रेंजवर भाड्याचं एलसीआर घेऊन पाहिलं. मॅग्नम भरलं होतं, तिसऱ्या गोळीनंतर सिलिंडर फिरेना आणि उघडेनाही. रेंज ऑफिसरने सोडवलं. कशामुळे होतं हे?

दारूगोळा
फिरत नाही आणि उघडतही नाही म्हणजे बहुधा गोळी पुढे सरकली. हलक्या शस्त्रात धक्क्याने कवचं मागे खेचली जातात, गोळ्या जडत्वाने जागीच राहतात. कवचाच्या तोंडाची पकड सैल असली की गोळी बाहेर डोकावते आणि फ्रेमला अडते. बाळगायचं काडतूस निवडताना हे तपासाच: पाच भरा, एकाची लांबी कॅलिपरने मोजून बुडावर खूण करा, बाकीची चार झाडा, मग खुणेचं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर तो डबा त्या शस्त्रासाठी बाद.

दुसरं कारण इजेक्टर रॉड (पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी) सैल होऊन पुढे येणं. रॉड बोटाने फिरवून पाहा. सिलिंडर फिरतो पण जड जातो, असं असेल तर इजेक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण असतात. जुन्या टूथब्रशने चांदणीखाली झाडा, तिथे तेल घालू नका, तेलाला कण चिकटतात. पुंगळ्या काढताना नळी सरळ आकाशाकडे आणि रॉडवर तळव्याचा एकच जोरकस फटका. छोट्या रिव्हॉल्व्हरचा रॉड आखूड असतो, मॅग्नमची पुंगळी पूर्ण बाहेर ढकलत नाही. हळू दाबलं तर एखादी चांदणीखाली घुसून बसते.

आणखी एक: नेहमीपेक्षा बारीक आवाज झाला तर पुढचा चाप ओढू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते. नुसती ‘खट्’ झाली तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग सिलिंडर उघडा.

मधुरा_ऑस्टिन
खिशासाठी चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या, बाहेरून खरखरीत असलेलं, म्हणजे काढताना ते खिशातच राहतं. त्या खिशात किल्ल्या, नाणी, काहीही नको. दर आठवड्याला रिकामं करून भोकांतला कापसाचा भुगा झटका. जास्तीची काडतुसं स्पीड स्ट्रिपमध्ये (काडतुसं धरणारी चपटी पट्टी) दुसऱ्या खिशात. गोल स्पीडलोडर हाफ पँटमध्ये फुगतो.