अस्वल घाबरवतच नाही! शेडिंगमध्ये (पृष्ठभागाच्या रंग-चमकेत) काय करू?

सोलापुरी_पिक्सेल: फॅनमेड हॉरर गेमसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अॅनिमॅट्रॉनिक (यंत्रावर हलणारं) अस्वल केलंय. जबडा, पापण्या, आतला सांगाडा, सगळं हलतं. पण रेंडर केला, म्हणजे तयार चित्र काढलं, की दुकानातलं नवंकोरं खेळणं! धाकटी बहीण म्हणते, "किती गोड आहे."

मागवाला: अरे, मळ कुठंय त्याच्यावर? मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे, रात्री मॉडेलिंग करतो. मागाजवळ जाऊन बघ. वंगणावर सुताचा कोंडा बसतो आणि सांध्यात काळपट, चिकट थर जमतो. तोच थर तुझ्या जबड्याच्या बिजागरीत पाहिजे. कापडही सगळीकडं सारखं झिजत नाही. कोपर, बगल, पोट इथं लूप (कापडावरचे धाग्याचे फास) चपटे होतात, मध्येच एखादा धागा ओढलेला. तिथंच फर कमी कर, बाकी दाट राहू दे. मटेरियलमध्ये सांगाड्याला मेटॅलिक (धातूपणा) 1, पण गंजाला 0, गंज म्हणजे धातू नव्हे. सगळ्यांचा रफनेस (खरखरीतपणा) एकच ठेवलास तर प्लास्टिकच दिसणार.

सोलापुरी_पिक्सेल: कडा घासलेल्या दाखवायला पॉइंटिनेस (कडा-कोपरे ओळखणारी सोय) लावला, पण इव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडर इंजिनात काहीच दिसेना.

मागवाला: ते सायकल्स या ब्लेंडरच्या दुसऱ्या रेंडर इंजिनातच चालतं. तिथं बेक करून, म्हणजे तो परिणाम चित्रात उतरवून, टेक्स्चर काढ, गेम इंजिनलाही तेच लागेल. फक्त मेशला (मॉडेलच्या जाळीला) पॉलिगॉन, म्हणजे छोटे तुकडे, पुरेसे ठेव.

रातकिडा: डोळे पण बघा की राव. पापणी अर्धी मिटलेली, बुबुळ अगदी बारीक, आणि दोन्ही डोळे किंचित वेगळ्या वेळी हलू देत.

सोलापुरी_पिक्सेल: उद्या कारखान्यात येऊ का? फोटो काढायचेत.

मागवाला: ये की. मालकांना विचारून ठेवतो.