मदत हवी आहे: सध्याच्या कंपनीला न कळता लिंक्डइनवरून नोकरी कशी शोधावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून बी.ई. वय ४१. कास्टिंगच्या (ओतलेल्या पार्टच्या) इन्स्पेक्शनपासून सुरुवात केली, आता कस्टमर कंप्लेंट, पीपीएपीची (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक) चं ऑडिट असं सगळं माझ्याकडे असतं. गेल्या वर्षापासून आमच्या ऑर्डरी उतरल्यात. पगार पुढच्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेला जमा होतो. आता दोन प्लँटची क्वालिटी एकत्र करणार असं कानावर येतंय. एकत्र झाली की सिनिअर एकच लागणार.

याआधीच्या नोकऱ्या मला ओळखीतून मिळाल्या. पण माझी ओळखीची माणसं सगळी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल याच पट्ट्यातली. त्यांच्याकडेही कमीजास्त हीच परिस्थिती आहे. शिवाय इथे एकाला सांगितलं की संध्याकाळच्या आत प्लँट हेडच्या कानावर जातं. कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) बनवणारा, मशिनिंग करून देणारा, पावडर कोटिंगवाला, सगळे सगळ्यांकडे जातात. म्हणून या वेळी बाहेरून प्रयत्न करायचं ठरवलंय. पुणे-चाकण चालेल, बेळगावही चालेल.

लिंक्डइनवर खातं आहे, पण त्यात नाव, कंपनी आणि लग्नातला फोटो एवढंच आहे. काही गोष्टी खरंच समजत नाहीत.

मोठी अडचण गुप्ततेची. आमच्या एचआर मॅडम आणि प्लँट हेड दोघंही माझ्या यादीत आहेत. इतकी वर्षं रिकामं पडलेलं प्रोफाइल मी एकदम भरलं तर त्यांना कळेल का? ‘ओपन टू वर्क’ लावलं तर? नवीन नोकरी हातात यायच्या आधी इथे बोभाटा झाला तर माझी पंचाईत होईल. मुलगी यंदा दहावीला आहे, घराचा हप्ता चालू आहे.

दुसरं म्हणजे लिहायचं काय? माझं काम चांगलं आहे, हे मला माहीत आहे. एका हाउसिंगमध्ये (यंत्राच्या कवचाच्या पार्टमध्ये) ब्लो होलमुळे, म्हणजे धातूत वायू अडकून झालेल्या पोकळ्यांमुळे, सतत माल परत यायचा. वाळूतली ओल, कोअरचं व्हेंटिंग (वायू बाहेर पडायची वाट), ओतायचं तापमान, तिन्हींच्या नोंदी पाळीनुसार लावून बघितल्या, तेव्हा रात्रपाळीत कोअर पुरते वाळायच्या आधीच मोल्डमध्ये बसवत होते, हे सापडलं. रिजेक्शन जवळपास निम्म्यावर आलं. पण हे लिहायचं तर पार्ट कुणाचा, ड्रॉइंग कुणाचं, आकडे कुणाचे? कस्टमरशी आमचा गोपनीयतेचा करार आहे, तो मला मोडायचा नाही.

तिसरं, अनोळखी माणसाला मेसेज कसा करायचा? चाकणच्या कंपन्यांतले क्वालिटी मॅनेजर सर्चमध्ये दिसतात. त्यांना थेट ‘नोकरी आहे का’ म्हणून विचारणं मला जमत नाही, आणि गोल गोल लिहिलं तर ते वाचणार नाहीत.

अजून एक. माझ्या भाच्याला टेलिग्रामवर थायलंडमधली ‘डेटा एंट्री’ची ऑफर आलीय. पगार भरमसाट, मुलाखत चॅटवरच, तिकीटही कंपनी काढणार म्हणे. मला हे बरं दिसत नाही, पण ताईला समजावायला नेमकी माहिती हवी.

भरतीचं काम करणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

चाकणकरीण

मी एका ऑटो पार्ट कंपनीत भरती बघते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने लिहिते.

आधी गुप्ततेचं. ‘ओपन टू वर्क’चे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवं कडं येतं आणि ते सगळ्यांना दिसतं. ते लावू नका. दुसरा फक्त रिक्रूटरना दिसणारा. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण हमी देत नाही असं लिंक्डइन स्वतःच सांगतं. तुम्ही दुसरा लावा, आणि अनुभवात कंपनीचं नाव नुसतं टाइप न करता यादीतून निवडा, म्हणजे कुणापासून लपवायचं ते त्यांना कळेल. पदांची नावं आणि गावं तिथेच भरता येतात. पुणे, बेळगाव दोन्ही टाका. आम्ही सर्चला गावाची चाळणी लावतो. नुसतं कोल्हापूर असेल तर तुम्ही आमच्या यादीत येतच नाही.

प्रोफाइल भरायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन बदल नेटवर्कला कळवायचं बंद करा. अनुभव भरतानाही तसं बटण येतं, तेही बंद ठेवा. आणि एका बैठकीत सगळं भरू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू भरा. तरीही कुणी विचारलंच, तर ऑडिटला येणारे कस्टमर हल्ली प्रोफाइल बघतात म्हणून नीट केलं, असं सांगा. ते खरंही आहे.

खरा धोका लिंक्डइनपेक्षा स्थानिक कन्सल्टन्सीचा. तुमच्या गावातला कन्सल्टंट तुमच्या कंपनीचंही काम करत असतो. बायोडेटा पाठवण्याआधी ‘माझ्या परवानगीशिवाय कुठेही पुढे पाठवू नये’ असं मेलमध्ये लेखी घ्या. नोकरी डॉट कॉमवरही खातं काढा. तिथे ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तुमच्या कंपनीबरोबर तिच्या सगळ्या भगिनी कंपन्याही त्यात टाका. तिथलं प्रोफाइल मात्र अधूनमधून उघडून काहीतरी ताजं करत राहा. महिनोन्‌महिने न हललेला बायोडेटा आम्ही उघडतही नाही.

आता लिहायचं काय. आम्ही माणूस कसा शोधतो ते सांगते, म्हणजे आपोआप कळेल. मध्यंतरी मला सप्लायर क्वालिटीची, म्हणजे पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता बघणाऱ्याची, जागा भरायची होती. सर्चमध्ये मी टाकलं: कास्टिंग, पीपीएपी, सप्लायर, आयएटीएफ, आणि अनुभव दहा वर्षांच्या वर. जे समोर आले त्यातल्या बहुतेकांच्या हेडलाइनमध्ये ‘सिनिअर इंजिनिअर’ आणि कंपनीचं नाव एवढंच होतं. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. पदाऐवजी तिथे काम लिहा: एसजी आणि ग्रे आयर्न कास्टिंग, दोषांचं मूळ शोधणं, पीपीएपी, कस्टमर ऑडिट. आम्ही उघडतो ती नावं याच ओळीवरून ठरतात.

आणि हे नीट लक्षात घ्या. तुम्ही फाउंड्रीतच नोकरी शोधताय, पण तुमची खरी गरज कास्टिंग विकत घेणाऱ्यांना आहे. आमच्याकडे सप्लायर क्वालिटीत मशिनिंग कळणारे ढीगभर येतात. भट्टीपाशी उभा राहिलेला, वाळू हातात घेऊन ओल सांगणारा माणूस मिळत नाही. सप्लायर सांगेल ते कारण आमची मुलं मुकाट लिहून आणतात. तुम्ही रात्रपाळीतल्या कोअरची जी गोष्ट लिहिलीत, तीच मुलाखतीत आम्हाला ऐकायची असते. म्हणून पदांमध्ये ‘सप्लायर क्वालिटी’ आणि ‘सप्लायर डेव्हलपमेंट’ ही दोन नावं नक्की घाला.

गोपनीयतेचं सोपं आहे. कस्टमरचं नाव नको, ‘ट्रॅक्टर उत्पादक’ म्हणा. पार्ट नंबर नको, ड्रॉइंग नको, शॉपफ्लोअरवरचा एकही फोटो नको. नेमके पीपीएम (दहा लाख नगांमागे सदोष किती) आकडे नको, ‘जवळपास निम्म्यावर’ पुरेसं आहे. कसं शोधलंत ते मात्र नीट लिहा. ते तुमचं स्वतःचं कसब आहे. आणि लग्नातला फोटो काढून साध्या शर्टातला लावा.

अंगणवाट

ओळखीबद्दल थोडं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यात असं मांडलं होतं की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांचा अभ्यास आला. त्यातही तसंच दिसलं, फक्त अगदीच नावापुरत्या ओळखीपेक्षा थोड्या बऱ्या ओळखीचा उपयोग सर्वांत जास्त झाला. तुमची कागल-शिरोलीची अडचण नेमकी हीच आहे.

त्यामुळे सुरुवात अगदी अनोळखी माणसापासून करू नका. डिप्लोमाच्या वर्गातले आता कुठे कुठे आहेत ते बघा. तुमच्याकडे ऑडिटला आलेले आणि नंतर कंपनी बदललेले लोक आठवा. कॅलिब्रेशनवाले, गेज पुरवणारे, स्पेक्ट्रोमीटरच्या सर्व्हिसला येणारे इंजिनिअर, हे सगळे पुण्यातही फिरतात आणि बेळगावातही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आहे, तिच्या व्याख्यानांना बाहेरचे वक्ते येतात. व्याख्यान ऐकून त्याच रात्री ‘तुमचा अमुक मुद्दा आवडला’ म्हणून जोडून घ्या. यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

चाकणकरीणताईंच्या हळूहळू भरण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. पगार आधीच लांबलेत. सेटिंग बंद करून एका रविवारी सगळं भरून टाका. अर्धवट प्रोफाइल घेऊन महिना घालवणं आत्ता परवडणारं नाही.

सावधान

भाच्याबद्दल: कृपया जाऊ देऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. सोशल मीडियावरून थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना बेकायदा सीमेपलीकडे, मुख्यतः म्यानमारमध्ये नेतात, तिथे डांबून ठेवतात आणि ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. म्यानमार आणि कंबोडियातून आपली अनेक मुलं सोडवून आणावी लागली आहेत. ‘टुरिस्ट व्हिसावर या, इथे वर्क परमिट करून देऊ’ असं म्हटलं की तिथेच थांबायचं.

ताईंना सांगायला ठोस गोष्ट हवी तर ही घ्या. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. टेलिग्रामवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा. तो बहुधा उत्तरच देणार नाही.

तुमच्यासाठीही एक. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, कागदपत्र तपासणी, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले तर सोडून द्या. आधार आणि पॅनच्या प्रती लेखी ऑफर हातात येईपर्यंत देऊ नका. कुणाचे पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन होईल, तितकी पैसे मधेच अडवता यायची शक्यता जास्त.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सप्लायर क्वालिटीचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. ताईला थायलंडचं सगळं वाचून दाखवलं. तिने भाच्याच्या हातून फोन घेऊन नोंदणी क्रमांक विचारला. समोरच्याने खातंच बंद केलं.

ऑडिटला आलेले एक गृहस्थ आता चाकणला सप्लायर क्वालिटीचे प्रमुख आहेत. त्यांना असा मेसेज करायचा विचार आहे, इंग्रजीत करून पाठवेन:

‘आदरणीय सर, मी शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटीत काम करतो. मला कास्टिंगचा भरपूर अनुभव आहे. आपल्या कंपनीत किंवा आपल्या ओळखीत माझ्यायोग्य कोणतीही जागा असल्यास कृपया कळवावे. सोबत बायोडेटा जोडला आहे. आपला ऋणी राहीन.’

कसा वाटतो?

चाकणकरीण

यात तुमची ओळख पटत नाही आणि त्यांना काय करायचं तेही कळत नाही. ‘कोणतीही जागा’ वाचून माणूस विचार करणं सोडून देतो. बायोडेटा पहिल्या मेसेजला नको. कनेक्ट करतानाच्या चिठ्ठीला जागाही जेमतेम दोनशे-तीनशे अक्षरांची असते आणि फुकटच्या खात्याला महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात, म्हणून जपून वापरा. मी असं लिहीन:

‘नमस्कार सर. आपण आमच्या फाउंड्रीत ऑडिटला आला होतात, ब्लो होलच्या विश्लेषणावर आपलं बोलणं झालं होतं. मी सप्लायर क्वालिटीत यायचा विचार करतोय. या कामात सुरुवातीला काय शिकून घ्यावं, दहा मिनिटं फोनवर सांगाल का?’

नोकरी मागितलेली नाही, पण तुम्ही शोधताय हे त्यांना कळतं. ‘हे सध्या आपल्यापुरतं ठेवावं’ हे फोनवर बोलताना सांगा, लिहून नको. त्यांनी बायोडेटा मागितला की त्याच दिवशी पाठवा. नोटीस पिरिअड तीन महिन्यांचा असेल तर पहिल्याच बोलण्यात सांगून टाका. शेवटी कळलं की आमची जागा अडकते आणि माणूस नको होतो. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचा यूएएन आत्तापासून एकत्र काढून ठेवा. पगार उशिरा होत असेल तर बँकेचं स्टेटमेंटही. पुढच्या पडताळणीत हे सगळं मागतात.

धागाकर्ता

मेसेज जसाच्या तसा घेतो, ताई. नोटीस दोन महिन्यांची आहे. एक विचारायचं राहिलं: एट-डी रिपोर्ट (दोषाचं मूळ आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) मी बरेच केलेत. ते स्किल्समध्ये टाकू की अनुभवात?

चाकणकरीण

दोन्हीकडे. स्किल्समध्ये नुसतं नाव, कारण सर्चमध्ये तो शब्द आम्ही टाकतोच. अनुभवात एकच रिपोर्ट निवडून चार ओळी लिहा: दोष काय होता, कुठे शोधलंत, काय बदललंत, नंतर किती महिने तो पुन्हा आला नाही. फोन झाला की इथे कळवा.